नव्या लॅपटॉपची झाडलोट

भाचीचा नवा लॅपटॉप परवा माझ्याकडे आला. अँटिव्हायरसची ट्रायल, कसलेसे गेम, कंपनीचे दोन 'असिस्टंट'. सुरू केल्या केल्या पंखा घरघरायला लागला. ही अडगळ एकेक करून काढण्याइतका धीर मला नाही. मी सरळ विंडोज ११ नव्याने टाकतो.

सोबत ऑफिस आलं असेल तर पुसण्याआधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून विंडोज टाकण्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. त्यावरचं जुनं सगळं उडतं, म्हणून ड्रायव्हर (लॅपटॉपचे भाग विंडोजला ओळखता यावेत यासाठीची छोटी सॉफ्टवेअरं) नंतरच टाकायचे: वाय-फायचा, आणि इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर आरएसटी नावाचा स्टोरेजचाही, झिप उघडून. तो नसला तर काही मॉडेलांत इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही, आणि माणूस उगाच धसका घेतो. 'लोड ड्रायव्हर'वर जाऊन तो दिला की डिस्क हजर.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू (बूट) करायला चालू होतानाच एफ१२ किंवा एफ९ दाबायचं, कंपनीगणिक बदलतं. प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' म्हणा. ती मदरबोर्डमध्येच असते. मात्र लॅपटॉपसोबत विंडोजची होम आवृत्ती आली असेल तर होमच निवडा. मग आतल्या डिस्कवरची सगळी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) डिलीट करून 'नेक्स्ट'. कंपनीचं रिकव्हरीही त्यात जातं, मला त्याचं दुःख नाही.

एवढं करूनही कंपनीचं ॲप परत उगवलं, तर ते बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून येतंय. तिथे ते बंद करायचा पर्याय काही लॅपटॉपांत सापडतो.