सरपणाला बुरशी धरलीय? गणपतीच्या आधी एवढं करून घ्या

श्रावणात जरा उघडीप मिळते, तेव्हा पडवीतली नाहीतर खोपीतली लाकडं एकदा हलवून बघाच. कोकणात वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा चार महिने ओली, त्यामुळे थोडी बुरशी येणारच. पण सगळी रास पांढरी-हिरवी झाली असेल तर कारण बहुतेक वेळा आपणच घातलेला प्लास्टिकचा कागद असतो. झड लागू नये म्हणून लोक तो चारी बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळतात आणि वर दगड ठेवतात, मग लाकडातली आणि जमिनीतली वाफ आतच कोंडते, कागदाला आतून घाम सुटतो आणि तेच पाणी परत लाकडावर ठिबकतं. कागद फक्त वरून टाका, बाजू मोकळ्या सोडा. झडीच्या बाजूला नारळाच्या चुडतांचा आडोसा बांधलात तर वारा पण खेळतो आणि पाणी पण अडतं.

दुसरं कारण म्हणजे ओलं लाकूड. मे-जूनमध्ये काजू उतरला, आंबा संपला की छाटणी होते, त्या फांद्या तशाच सुक्या लाकडांवर पडतात. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं आणि नीट जळायला ते 20 टक्क्यांच्या खाली यायला लागतं, पावसाळ्यात ते कुठून होणार? ओली लाकडं वेगळी काढा आणि जाड असतील तर फोडून ठेवा, कारण साल पाणी बाहेर पडू देत नाही, आंब्याचा न फोडलेला ओंडका तर सालीखाली कुजत जातो. दोन ढलप्या एकमेकीवर आपटून बघा, सुकी असतील तर खणखणीत आवाज येतो, ओली असतील तर बद्द.

आता बुरशी आलेल्या लाकडाचं काय करायचं. वरवरची असेल तर लाकूड वाया गेलं नाही, उन्हात टाका, वाऱ्याकडे पाठ करून खराट्याने झाडा, नाकातोंडाला फडकं बांधा. ही भुकटी छातीला त्रास देते, दम्याच्या माणसाला आणि पोरांना तिथे थांबू देऊ नका. झाडलेलं लाकूड पाणचुलीला, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीला, आधी वापरून टाका. पण नख रुततंय, हातात घेतलं तर हलकं लागतंय, अळंब्या उगवल्यात, असं असेल तर ते कुजलंय, त्यात आच राहिलेली नाही, नुसता धूर होईल. ते शेणाबरोबर खताच्या खड्ड्यात टाका, कलमांच्या बुंध्याशी नको, वाळवी येते. आणि त्या अळंब्या कोणी खायला काढू नका.

औषध मारू का, असं हमखास विचारतात. अजिबात नको! मोरचूद, बुरशीनाशक, जळकं ऑइल काहीच नको, कारण हे लाकूड शेवटी चुलीत जाणार आणि तो धूर घरातल्या बाईच्या नाकात जाणार.

रास परत लावताना खाली जांभ्याचे चिरे आणि त्यावर आडवे वासे टाका, जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट तरी वर हवी, भिंतीपासून वीतभर लांब. पागोळ्यांचं पाणी उडतं तिथे तर लावूच नका, खालचे दोन थर कायम भिजलेले राहतात. लाकडं गच्च बसवायची नाहीत, मधून वारा जायला पाहिजे. गणपतीत चुली दिवसभर चालतात, मोदकांना, पाहुण्यांच्या आंघोळीला लाकूड लागतं, तेवढं सुकं आत्ताच बाजूला काढून आत कोरड्या जागेत ठेवा. चुलीजवळ सुकवत असाल तर जाळापासून हातभर लांब, आणि रात्री तिथे ठेवून झोपू नका.

लाकडं हलवताना आधी काठीने ढोसा, मगच हात घाला. अशा राशीत विंचू असतो, फुरसं म्हणजे छोटा विषारी साप असतो, आणि फुरसं एवढंसं असतं की सालीच्या रंगात दिसतच नाही. पायात बूट घाला, काळोखात बॅटरीशिवाय जाऊ नका. चावलंच तर वेळ न घालवता थेट सरकारी दवाखान्यात न्या, साप चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं.