जुनी पोती, नवा गहू : नौतप्याआधी उरकायचं काम

गहू चांगला होता, ऊन दिलं होतं, एरंडेल चोळलं होतं, कडुनिंबाचा पालाही घातला होता. तरी श्रावणात पोतं उघडलं तर वरचा गहू नुसता कोंडा झालेला. इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, हातोदकडची आपली शेतकरी मंडळी असोत, नाहीतर शहरात राजेंद्रनगर-सुदामानगरात वर्षाचा गहू भरणारी घरं, तक्रार हीच असते. मग मी एकच विचारतो, पोती कुठली होती? उत्तर ठरलेलं असतं, ‘गेल्या सालचीच. पण झटकून घेतली होती.’

झटकून पोतं साफ होत नाही. या वर्षी एवढं तरी मनावर घ्या.

घरातलं एक जुनं पोतं उलटं करा. तळाची शिवण, जिथे ताग दुमडून सुतळीने शिवलेला असतो, ती घडी नखाने उकलून पांढऱ्या कागदावर हलवा. पिवळट-तपकिरी, केसाळ अळ्या पडतील. तांदळाच्या कण्यांएवढ्या, शेपटाकडे केसांचा झुबका. त्याहून जास्त पडतील त्यांच्या टाकलेल्या काती, फुंकरीने उडणाऱ्या. अळी बोटाने ढकलली तरी हलत नाही, मेलीच असं वाटतं. मेलेली नसते. हा खपरा, साठवलेल्या धान्यातल्या एका भुंग्याची अळी. दाणापाणी नसताना ही अळी शिवणीत, भिंतीच्या भेगेत, कोठीच्या पत्र्याच्या दुमडीत निपचित पडून वर्ष-दोन वर्षं काढू शकते. नवं धान्य आलं की जागी होते.

खपऱ्याच्या भुंग्याला पंख असतात, पण तो उडत नाही. सोंडकिडा उडतो, थेट उभ्या पिकापर्यंत पोचतो, त्याला अडवणं आपल्या हातात पूर्णपणे नाही. खपऱ्याला मात्र आपणच घरात आणतो, आपल्याच पोत्यातून. त्याला कोरडी, उष्ण हवा मानवते, पस्तीस अंशांच्या आसपास तो सगळ्यात जोमाने वाढतो, म्हणजे आपल्या माळव्याचा उन्हाळा त्याला फारच सोयीचा. जुलै ते ऑक्टोबर त्याचा जोर. आणि तो दाण्याचा कोंब आधी खातो. खायच्या गव्हाचं वजन घटतं तेवढं दिसतं, पण बियाण्याचा गहू असेल तर दाणा वरून धड दिसतो आणि कार्तिकात पेरला की उगवत नाही. मग दोष बियाण्याला, जमिनीला, पाण्याला, सगळ्यांना दिला जातो. पोत्याचं नाव कुणी घेत नाही.

पोत्यांचं काय करायचं

फाटकी, ठिगळं लावलेली पोती जाळून टाका. ठिगळाखालची जागा साफ करायचा उपायच नाही.

धड पोती उलटी करून शिवणी ब्रशने घासा, मग उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. अंगणात चुलीवर मोठं पातेलं ठेवलं की दुपारपर्यंत घरातली सगळी पोती होतात. पाणी उकळतं हवं, कोमट पाण्याने खपऱ्याला काही होत नाही. मग गच्चीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात, उलटी-सुलटी करत वाळवा.

सरकारी शिफारस मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची आहे : ५० ईसी (पाण्यात मिसळायचं ५० टक्क्यांचं द्रव औषध), एका लिटर पाण्यात २ मिली, पोती दहा मिनिटं बुडवून पूर्ण वाळवायची. बियाण्याच्या पोत्यांना ते जरूर करा. खायच्या गव्हाच्या पोत्यांना मी औषध लावू देत नाही. उकळत्या पाण्याने काम होत असताना पोळीच्या गव्हाला ते कशाला?

नवं बारदान घेतलं तर उत्तम, वर्षाच्या गव्हाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही. पण इंदूरच्या छावणी बाजारात ‘एकदाच वापरलेलं’ म्हणून स्वस्त मिळतं ते नवं नव्हे. ते कुठल्या गोदामातून आलं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कोठी

पत्र्याची कोठी असेल तर पूर्ण रिकामी करा. ‘तळाला पाच-दहा किलोच आहे’ म्हणून त्यावर नवा गहू ओतायचा ही पोत्याचीच चूक दुसऱ्या भांड्यात. जुना गहू आत्ता दळून आणा, किडका असेल तर जनावरांना घाला, पण नव्यात मिसळू नका. कोठीच्या तळाची दुमड, झाकणाची कड, खालच्या तोंडाची पट्टी, इथे जुना ब्रश घालून घासा. मग झाकण काढून दोन दिवस उन्हात आडवी ठेवा. मातीची कणगी असेल तर आतून-बाहेरून नव्याने लिंपून पूर्ण सुकवा.

ज्या खोलीत धान्य ठेवता तिच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा. हे काम ‘नंतर बघू’ म्हणून राहतं आणि खपरा तिथेच राहतो. रिकाम्या खोलीत फवारायचंच असेल तर मॅलॅथिऑन ५० ईसी, एका लिटर पाण्यात १० मिली, शंभर चौरस मीटरला तीन लिटर द्रावण. फक्त रिकाम्या खोलीत, धान्यावर कधीच नाही. आणि चुना लावलेल्या भिंतीवर हे फवारू नका, चुन्याच्या क्षारात मॅलॅथिऑन लवकर निकामी होतं. दुकानदार हे सांगत नाही. चुना आधीच लावला असेल तर तेवढं पुरे, भेगा तेवढ्या बुजवा.

केव्हा

नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानलेले नऊ दिवस, २५ मेच्या सुमाराला लागतो. पूर्वी मंडळी म्हणायची, नौतप्यात सगळं वाळवून घेऊ. आता त्या भरवशावर राहू नका, नौतप्यातच वळीव कोसळतो आणि गच्चीवरचा गहू भिजतो. माझं सांगणं असं : पोती आणि कोठी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, गव्हाला ऊन लगेच त्यापाठोपाठ, आणि नौतपा लागायच्या आत झाकण बंद. मृग लागेपर्यंत हवेत दमटपणा येतो. जूनच्या मध्यानंतर इंदुरात पाऊस कधीही येऊ शकतो, आणि एकदा हवा ओली झाली की वाळवलेला गहूही ओलावा ओढतो.

ऊन देताना दोन इंचांपेक्षा जाड थर नको, दर दोन तासांनी वरखाली करा, दोन-तीन दिवस. दाणा दाताखाली ‘कट’ वाजला पाहिजे, चेपला तर अजून ऊन हवं. साठवणीसाठी गव्हात ओल १२ टक्क्यांच्या आत हवी, वर्षभर ठेवायचा तर १० टक्क्यांच्या जवळ आणा. हार्वेस्टरचा गहू वाळलेलाच असतो असं समजू नका, सकाळी लवकर कापलेल्या ट्रॉलीत ओल जास्त असते.

तापलेला गहू तसाच कोठीत ओतू नका. संध्याकाळी घरात घ्या, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी भरा. गरम भरला तर झाकणाखाली पाणी सुटतं, वरचा थर कुबट होतो, आणि खपरा वरच्या फूटभर थरातच जास्त असतो.

गोळ्या

आता जे सांगतोय ते नीट वाचा. दुकानात मागितलं तर कोणीतरी कागदात गुंडाळून ‘सल्फास’च्या दोन गोळ्या देतो, ‘कोठीत टाका, वर्षभर बघायला नको’ म्हणतो. ही आल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू. त्यावर उतारा नाही. २००१ पासून या गोळ्यांच्या दहा-वीसच्या नळ्या बंद आहेत, आणि त्या सरकारी यंत्रणा व मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांशिवाय कुणाला विकायच्याच नाहीत असा नियम आहे. तुमच्या हातात कागदात गुंडाळून गोळी आली, म्हणजे ती बेकायदा आली. काचेच्या कुपीतलं ईडीबी (इथिलीन डायब्रोमाईड, धान्यात घालायचं विषारी औषध) हेही त्याच वर्षी बंद झालं, जुनी कुपी घरात सापडली तर फोडू नका.

आणि एवढा धोका पत्करून उपयोगही होत नाही. फॉस्फीनला बंद जागा आणि पुरेसे दिवस लागतात. आपल्या कोठीच्या झाकणातून, खालच्या तोंडातून वायू हळूहळू घरात येतो. किडीला कमी मिळतो, शेजारी झोपलेल्या मुलांना जास्त. निपचित पडलेली खपऱ्याची अळी तर फॉस्फीनलाही बरीच दाद देत नाही. दर उन्हाळ्या-पावसाळ्यात कुठल्या तरी गावातून बातमी येते, धान्याच्या खोलीत झोपलेलं कुटुंब. मला ती वाचवत नाही.

घरात लसूण किंवा कार्बाईडसारखा वास आला आणि उलटी, छातीत दडपण, धाप सुरू झाली, तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा किंवा सरळ एम.वाय. रुग्णालय गाठा. ‘गोळी ठेवली होती’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

घरगुती उपायांबद्दल

एरंडेल : आपल्याकडे क्विंटलला साधारण अर्धा लिटर चोळतात. वाळलेल्या, स्वच्छ गव्हाला उपयोगी. ओल्या गव्हाला किंवा जुन्या पोत्यात भरायच्या गव्हाला चोळलं तर तेल वाया.

हरभरा, डॉलर चणा (मोठा काबुली), तूर, मूग : किलोला ५ मिली शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल चोळा, किंवा डबा भरून वर सात सेंटिमीटर कोरड्या वाळूचा थर द्या. कडधान्यातला भुंगा शेतातूनच अंडी घालून येतो, त्यामुळे काढल्यावर लगेच ऊन द्या. डाळ करून ठेवली तर त्याचा त्रास जवळजवळ संपतो.

कडुनिंबाचा पाला : सावलीत वाळवलेला. ओला पाला बुरशी आणतो.

माचिसच्या काड्या : उपयोग नाही. डांबर गोळ्या धान्यात कधीच नाही, त्या विषारी आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत.

माझा एक अंदाज आहे, त्याला कुठल्या पुस्तकाचा आधार नाही : पूर्वेच्या भिंतीला लावलेली कोठी पश्चिमेच्या भिंतीच्या कोठीपेक्षा कमी बिघडते. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापते, रात्री गार होते, आणि आत ओल सुटते असं मला वाटतं. जागा असेल तर करून बघा. नसेल तर निदान भिंतीपासून फूटभर लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा.

घरातल्या बाकी किडी, महिन्यांप्रमाणे

चैत्र-वैशाख : मोरी आणि गटाराच्या जाळ्या, झुरळांसाठी जेल ओट्याखाली, कूलरच्या टाकीला आतून घासणे.

जून : पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणारी पंखवाली वाळवी, संध्याकाळी बाहेरचा दिवा बंद, चौकटीवरच्या मातीच्या नळ्या खरवडणे, लाकूड भिंतीपासून दूर.

जुलै ते नोव्हेंबर : डास. कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या, टायर, गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणे. नुसतं ओतून चालत नाही, एडिस डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात.

ऑक्टोबर : सोयाबीन निघालं की उंदीर घराकडे वळतात. दाराखालची फट बंद, सापळे, धान्याच्या खोलीत विषारी दाणे नकोत.

थंडी : मुंग्या-झुरळं कमी, भेगा बुजवायला चांगले दिवस.

भरल्यानंतर

रोज मोठी कोठी उघडू नका. महिन्याचा गहू छोट्या डब्यात काढून घ्या. श्रावणात पाऊस पडत असताना झाकण उघडायचं नाही, उघडीप बघून उघडा. दर पंधरा दिवसांनी वरच्या थरात हात घाला. गहू गरम लागला, वास आला किंवा वर कोंड्यासारख्या काती दिसल्या, तर त्याच दिवशी काढा, चाळा, ऊन असेल तर ऊन द्या. नसेल तर किडका भाग वेगळा करून लगेच दळून संपवा.

आणि ज्यांनी अखातीलाच (अक्षय तृतीयेला) घाईघाईने जुन्या पोत्यांत गहू भरून ठेवलाय, त्यांना अजून उशीर झालेला नाही. सध्या कडक ऊन आहे. उद्या सकाळी पोती रिकामी करा, गहू गच्चीवर पसरा, पोती उकळत्या पाण्यात घाला, आणि तिसऱ्या दिवशी परत भरा. गहू एकदम काढायला जागा नसेल तर एका वेळी दोन पोती करा, पण आधी बियाण्याची.