बदल केलेली थीम अपडेट करताना या चुका टाळा

वूकॉमर्सच्या (वर्डप्रेस साइटवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्लगइनच्या, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरच्या) दुकानाची थीम, म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच, स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलून घेतली असेल, तर अपडेटची सूचना दिसताच बटण दाबणे ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. वर्डप्रेस थीमचा जुना फोल्डर काढून त्या जागी नवा ठेवते, त्यामुळे मूळ फाइलींत केलेले सर्व बदल पुसले जातात. अपडेटच्या पानावर हा इशारा स्पष्ट लिहिलेला असतो, तरी नवशिके तो वाचत नाहीत याचे वाईट वाटते.

साड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याने चेकआउटवरील (ऑर्डर पक्की करण्याच्या पानावरील) जीएसटी क्रमांकाचा रकाना मूळ थीमच्याच फंक्शन्स फाइलीत लिहून घेतला होता. दिवाळीच्या तोंडावर थीम अपडेट झाली आणि रकाना नाहीसा झाला. पण पाने नीट दिसत होती, ऑर्डरी येत होत्या, म्हणून कोणालाच शंका आली नाही. बिलावर आपला क्रमांक नाही, मग इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) कसे घ्यायचे, असे खरेदीदार विचारू लागले तेव्हा प्रकार उघड झाला. त्यावर कोणीतरी संपूर्ण साइटचा जुना बॅकअप चढवला आणि मधल्या दिवसांतल्या ऑर्डरीही गेल्या. थीम बिघडली तर आधी फक्त थीमचा फोल्डर परत ठेवावा; ऑर्डरी डेटाबेसमध्ये असतात, त्याला हात लावू नये.

बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या, पण वेगळ्या फोल्डरातल्या थीममध्ये) ठेवले की निर्धास्त झालो, हा समजही चुकीचा आहे. तिथे ठेवलेल्या वूकॉमर्सच्या टेम्प्लेटच्या (पानांची मांडणी ठरवणाऱ्या फाइलींच्या) प्रती आपोआप नव्या होत नाहीत. वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर कालबाह्य प्रतींची यादी मिळते; मी ती पाहिल्याशिवाय आणि नव्या फाइलीशी ताडून घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

अपडेट कधी करायचे, हे चेंजलॉग (नव्या आवृत्तीत काय बदलले याची यादी) वाचून ठरवावे. सुरक्षेची त्रुटी दुरुस्त केली असेल तर स्टेजिंगवर (चाचणीसाठी ठेवलेल्या साइटच्या प्रतीवर) तपासून त्याच दिवशी करावे. केवळ नवी मांडणी आली असेल तर सणाचा हंगाम उलटू द्यावा. मात्र ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणून वर्षानुवर्षे थांबणे मला मान्य नाही, कारण साचलेले बदल एकदम तपासणे फार कठीण जाते.

अशा थीमचे स्वयंचलित अपडेट बंद ठेवावे. थीम आणि प्लगइन एकाच वेळी अपडेट करू नयेत, अन्यथा बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. शेवटी कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करून, लॉगिन न करता, मोबाइलवरून एक ऑर्डर पैसे भरण्यापर्यंत पूर्ण करून पाहावी.