वडिलांसाठी सेकंडहँड गाडी घेताय? आधी त्यांचा डावा गुडघा बघा

सेकंडहँड गाडी कशी बघायची यावर गल्लीतलं कुणीही तासभर बोलेल, इंजिन ऐका, टायर बघा, मीटर फिरवलंय का बघा. ते सगळं बघायचंच आहे, पण गाडी सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी घ्यायची असेल तर त्याआधी तीन गोष्टी तपासायच्या आणि त्या गाडीत नसतात, माणसात असतात. डावा गुडघा, डोळे आणि लायसन. मी हे सगळं उलट क्रमानं केलं आणि दोन महिने वाया घालवले, म्हणून लिहितेय.

आमचे अण्णा ७२ वर्षांचे, साताऱ्यात असतात, मी पुण्यात. त्यांची २००७ ची मारुती ८००, पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांसाठी परत पासिंग करून घेतलेली, ग्रीन टॅक्स भरलेला, तिला अजून काही झालेलं नाही. झालंय ते अण्णांना. पोवई नाक्याच्या गर्दीत क्लच दाबून दाबून घरी आले की गुडघा सुजलेला, पण कबूल कोण करणार, आईनं फोनवर हळू आवाजात सांगितलं तेव्हा मला कळलं. मी लगेच ऑनलाइन गाड्या बघायला लागले आणि तिथंच चुकले.

लायसन आधी बघा. खरंच आत्ता उठून बघा. वयाची पंचावन्न उलटल्यावर लायसन एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. अण्णांचं सात महिन्यांपूर्वी संपलेलं होतं आणि हे रोज मंडईत गाडी घेऊन जात होते! संपल्यापासून वर्षाच्या आत असाल तर सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून, डॉक्टरकडून फॉर्म १-अ चं मेडिकल सर्टिफिकेट घेऊन रिन्यू होतं, वर्ष उलटलं की परत टेस्ट. आणि लायसन संपलेलं असताना काही ठोकलं तर इन्शुरन्सवाले आधी त्याच्यावरच बोट ठेवणार. मेडिकल करायचंच आहे तर डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेऊन आणा. आमच्याकडे उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, समोरच्या गाडीचा लाइट पडला की फुटल्यासारखा दिसायचा ते त्यांना वय झालं म्हणून वाटत होतं. ऑपरेशन आधी केलं, गाडी नंतर. आणि एक ठरलं की अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, हे त्यांनीच सांगितलं म्हणून टिकलंय, मी सांगितलं असतं तर मुद्दाम रात्री काढली असती.

आता गाडी. ज्याच्यासाठी घ्यायचीय त्याला बसवल्याशिवाय कुठलीही गाडी पसंत करू नका. मला ऑटोमॅटिक गिअरची होंडा अमेझ सीव्हीटी फार आवडली होती, चालवायला लोण्यासारखी, मी मनातल्या मनात घेतलीच होती. अण्णा त्यात बसले ते धपकन आत गेले आणि उतरताना दाराचा खांब धरून, एक हात माझ्या खांद्यावर, असे उठले. विषय संपला. सीटची उंची अशी हवी की नुसतं टेकलं की बसलं, खाली जायला नको आणि वर चढायलाही नको. चढायचं म्हणजे एसयूव्ही, लोक हौसेनं आईवडिलांसाठी उंच गाडी घेतात पण नऊवारी सोडा, साध्या पाचवारीत त्या गाडीत पाय टाकून बघा म्हणावं. आई माझ्याबरोबर एक अशी गाडी बघायला आली होती, ती एक हात वर हँडलला आणि दुसऱ्या हातानं निऱ्या धरून उभीच राहिली. वॅगनआर, इग्निस, जुन्या सँट्रोसारख्या उभट गाड्या यासाठी बऱ्या पडतात. दार किती उघडतं ते बघा, आणि ते त्यांच्या घरासमोरच्या बोळात किती उघडेल ते बघा. पाच वेळा चढउतर करायला लावा, एकदा नाही, पहिल्यांदा सगळेच ऐटीत बसतात. डिकीत वॉकर मावतो का तेही बघून ठेवा, सीएनजीची टाकी असली की तिथं फारसं काही मावत नाही.

ऑटोमॅटिक घ्यायची हे गुडघ्यामुळे ठरलेलंच होतं, पण सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. स्वस्तात जास्त मिळतात त्या एएमटी, मारुती त्याला एजीएस म्हणते, २०१४ च्या सेलेरिओपासून सुरू झालं ते. यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं, म्हणून गिअर पडताना थोडा झोल जाणवतो. दुसऱ्या म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, ग्रँड आय१० मध्ये असायचा तो, आणि सीव्हीटी, या जास्त गुळगुळीत पण पेट्रोल जरा जास्त पितात, शिवाय काही बिघडलं तर सीव्हीटीचा खर्च ऐकून बसावं लागतं. एएमटीची खरी परीक्षा चढावर. यवतेश्वरच्या घाटात मध्येच थांबवून, ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी किती मागं येते ते बघा, जुन्या एएमटीत बऱ्याचदा हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसते. आणि लक्षात घ्या की एएमटीत क्लचप्लेट असते आणि ती झिजते, चढावर गाडी नुसती गुरगुरतेय आणि वेग येत नाही असं वाटलं तर सोडून द्या.

साल निवडताना जुलै २०१९ नंतरची बघा, शक्य असेल तर. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टचा अलार्म कंपल्सरी झाला, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस त्याच्या थोडं आधी. ज्यांची मान आता पूर्ण वळत नाही त्यांना मागचा सेन्सर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१९ च्या आधीची घेतलीत तर हायसिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघा, नाहीतर ते काम तुमच्या गळ्यात.

आता बघायला जाणं. प्रत्येक गाडी डॉक्टरनं वापरलेली असते, सिंगल हँड असते, फक्त देवदर्शनाला काढलेली असते. इतके डॉक्टर आणि इतकी देवळं महाराष्ट्रात असतील असं मला वाटत नाही. मी एकटी गेले की "मॅडम, साहेबांना घेऊन या ना" हे पण ऐकलं. साहेब नाहीत, मीच आहे, बॉनेट उघडा.

सकाळी जा आणि बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्टिंगला काहीतरी आवाज आहे जो तुम्हाला ऐकू द्यायचा नाहीये. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या कमी चालतात त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर कडक झालेलं असतं, सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर चार टायरचे पैसे किंमतीतून कापायला सांगा. मीटर ३० हजार दाखवतंय आणि ब्रेकपेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, तर मीटर खोटं बोलतंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ओळख काढून गाडी नंबरवर जुनी सर्व्हिस हिस्टरी मिळते का बघा, प्रत्येक वेळचं किलोमीटर त्यात लिहिलेलं असतं.

पुराचं पाणी लागलेली गाडी हा आपल्याकडचा खास विषय. २०१९ ला सांगली कोल्हापूर, २०२१ ला परत आणि चिपळूण महाड, किती गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या कितीतरी धुऊन पुसून फिरतायत. मला एका डीलरकडे अशी एक दाखवली होती, पांढरी, आतून अत्तराचा वास. वास जास्त चांगला आला की संशय घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर टोकाकडे मातकट रेघ, सीटच्या खालच्या रेलला गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ. डीलर म्हणाला पावसात काच उघडी राहिली होती. काच उघडी राहून स्टेपनीत गाळ कसा जातो ते त्यालाच माहीत.

आणि ही युक्ती मला फार उशिरा कळली. जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस बघा. क्लेम घेतला नाही तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. पाच वर्षांची गाडी, पहिलाच मालक, आणि पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २० असेल तर मध्ये कधीतरी क्लेम झालाय किंवा पॉलिसी बंद पडलेली. छोटा असेल, बंपरचा असेल, पण विचारा, आणि "अजिबात कुठं टच नाही" म्हणणाऱ्याचा चेहरा बघा.

कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा आहे का बघा, महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साइटवर ई-चलान बघा, एका गाडीवर चौदा चलानं निघाली होती आणि मालकाला म्हणे माहीतच नव्हतं. लोन फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो, नंतर देतो म्हणाला तर पैसेही नंतर. ट्रान्स्फरचे फॉर्म २९ आणि ३० तुमच्यासमोर सही करून घ्या. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते कारण तिथं जुन्या गाड्यांच्या मागं लागलेत, पण इथं आणली की तिकडची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स, बचत तिथंच संपते. पैसे बँकेतूनच द्या, आणि डिलिव्हरीच्या कागदावर तारीखच नाही तर वेळ पण लिहून घ्या, त्या मिनिटाच्या आधीचं चलान त्याचं, नंतरचं तुमचं.

गाडी कुणाच्या नावावर हा आमच्याकडे आठवडाभर चाललेला वाद. पैसे माझे म्हणून माझ्या नावावर असं भावाचं म्हणणं. मी अण्णांच्याच नावावर केली. एक तर आरसीवर नाव असलं की माणूस स्वतःची गाडी म्हणून चालवतो, पोरीनं दिलेली म्हणून नाही. दुसरं, मालक म्हणून १५ लाखाचं अपघात कव्हर आरसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन त्याला मिळतं. तिसरं, त्यांच्या जुन्या गाडीवर फुल इन्शुरन्स आणि बोनस साचलेला असेल तर ती विकल्यावर तो बोनस दुसऱ्या गाडीला लावता येतो, तीन वर्षांच्या आत, पण गाडी त्यांच्याच नावावर हवी. आमच्या ८०० ला नुसता थर्ड पार्टी होता त्यामुळे आमच्या पदरात काही पडलं नाही, पण तुमच्या पडेल. आणि आरसीवर नॉमिनी टाका, २०२१ पासून टाकता येतो. बोलताना जीभ अडखळते खरी, अण्णांनीच "आईचं टाक गं, त्यात काय" म्हणून सोपं केलं. इन्शुरन्स ट्रान्स्फरला १४ दिवस असतात, आरसी झाली की होईल असं म्हणत बसू नका.

शेवटी २०२० ची वॅगनआर एजीएस घेतली, आणि मला वाटलं काम झालं. पहिल्याच दिवशी अण्णांनी स्पीडब्रेकरजवळ सवयीनं डाव्या पायानं क्लच दाबला, आणि तिथं क्लच नसून ब्रेकचा रुंद पेडल होता, गाडी जागच्या जागी गच्च, मी काचेवर आपटायची राहिले. चाळीस वर्षांची सवय आहे ती. म्हणून किमान आठवडाभर मोकळ्या मैदानात, रविवारी सकाळी, डावा पाय मागं ओढून सीटखाली ठेवायचा आणि सगळं काम उजव्यानं. थांबलं की न्यूट्रल आणि हँडब्रेक, चढावर हँडब्रेक धरूनच निघायचं. रिव्हर्स टाकताना ब्रेक दाबून डॅशवरचं आर अक्षर तोंडानं म्हणायचं, हे ऐकायला हास्यास्पद वाटतं पण भिंती वाचतात.

गाडी आठवड्यातून दोनदा तरी बाहेर निघाली पाहिजे, नाहीतर बॅटरी बसते आणि बॉनेटखाली उंदीर संसार मांडतात, वायरी कुरतडल्या की बिल हजारांत.

राहिली ८००. गावाकडचा एक जण रोख द्यायला तयार आहे, "पेपर बघू नंतर" म्हणतोय. अजिबात नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, उद्या त्यानं कुठं ठोकली तर कोर्टात अण्णा उभे. नाव बदलून घेतलं की ने म्हटलंय त्याला. तोपर्यंत ती दारात आहे, आणि अण्णा दोन्ही गाड्या पुसतात, आधी ८००.