पलंगाशेजारचं टेबल: अंधारात हाताला सापडेल तेवढंच

दिवा मालवा, पलंगावर आडवे व्हा, डोळे मिटा आणि हात टेबलाकडे न्या. आवरायला घेण्याआधी हे एकदा कराच. आईच्या पलंगावर मी हे केलं तेव्हा माझ्या हाताला आधी दिवाळी अंकांची चळत लागली. ती सरकली आणि पलीकडचा पाण्याचा पेला फरशीवर आला. आठवड्यावर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पुढे महिनाभर एका डोळ्यावर चाचपडत उठायचं, थेंब घालायचे, म्हणजे हे टेबल आवरणं भागच होतं.

रात्री हात कशाकशाला जातो ते आधी कागदावर लिहा. चष्मा, पाणी, उजेड, फोन आणि अचानक लागणारं एखादं औषध, साधारण एवढंच निघतं. कोणाची जपमाळ असेल, कोणाची कवळीची वाटी. टेबलाचा वरचा भाग या यादीपुरता, बाकी सगळं पाहुणे.

काम सकाळी सुरू करा. पलंगावर जुनी चादर पसरून टेबलावरचं आणि खणातलं सगळं तिच्यावर ओता. पलंगच अडवला की रात्रीपर्यंत काम संपवावंच लागतं. खण पूर्ण बाहेर काढा, कारण हरवलेल्या निम्म्या वस्तू त्याच्या मागच्या फटीत पडलेल्या असतात. आमच्याकडे तिथे एक जोडवं, दोन बॉलपेनं आणि पाचशेची जुनी नोट निघाली, 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री बाद झालेली. आईने ती पुस्तकात खूण म्हणून ठेवली. आतून ओल्या फडक्याने पुसून रिकामा खण तासभर उन्हात ठेवा; पावसाळ्यानंतर तर नक्कीच, नाहीतर कुबट वास जात नाही. लाकडी खण अडकत असेल तर ज्या पट्ट्यांवर तो सरकतो तिथे मेणबत्तीचा तुकडा घासा, दोन मिनिटांत फरक पडतो.

आता निवड. ज्याचं टेबल त्याला शेजारी बसवा. त्याच्या नकळत आवरलं तर पुढचे चार दिवस फक्त ‘माझं अमुक कुठे गेलं’ ऐकायची तयारी ठेवा. आणि ‘हे हवंय का?’ असं विचारू नका. त्याला एकच उत्तर असतं: ‘असू दे गं, लागेल कधीतरी.’ ‘हे रात्री लागतं का?’ असं विचारा. मग भांडण राहतच नाही, कारण आपण काही टाकत नसतो, फक्त जागा बदलत असतो. अंगाऱ्याच्या पुड्या देवघरात, लग्नपत्रिका रद्दीत, टीव्हीचा रिमोट टीव्हीपाशी, विजेची बिलं फाइलमध्ये. एक पितळी किल्ली राहिली. आई म्हणाली, कपाटाची. घरातल्या एकाही कपाटाला ती लागली नाही. मी ती जुन्या कुलपांच्या डब्यात टाकली.

खरा वेळ जातो औषधांत, आणि तिथे घाई करू नका. सगळ्या स्ट्रिपा एका ताटात घ्या, चष्मा लावा आणि एकेक तारीख वाचा. मुदतीपुढे 06/2025 छापलं असेल तर ते औषध 30 जून 2025 पर्यंत चालतं. महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. पंचाईत होते ती कापलेल्या स्ट्रिपांची. औषधवाला चार गोळ्या कापून देतो, नावाचा अर्धा भाग त्याच्याकडे राहतो आणि तारीखही. नाव किंवा तारीख वाचता येत नाही ती गोळी बाद, कितीही महाग असली तरी. स्वतः गोळी काढताना तारखेच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते.

डोळ्यांच्या थेंबांचं वेगळं असतं. बाटलीवरची छापील तारीख न उघडलेल्या बाटलीची. उघडल्यावर बहुतेक थेंब महिनाभरातच वापरायचे असतात, तसं वेष्टनावर लिहिलेलंही असतं. बाटली उघडली की तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून त्या दिवसाची तारीख ठळक लिहा. आईच्या खणात अशा तीन अर्धवट बाटल्या होत्या. त्यांतली एक बाबांची, आणि बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ती आईने स्वतः उचलून बाजूला ठेवली, मी काही बोलले नाही.

बाद औषधं, वापरलेले सेल, फुटका पाऱ्याचा थर्मामीटर हा सगळा घरगुती घातक कचरा. ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधून, सांगून द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून द्या, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला टोचता कामा नयेत.

जी औषधं चालू आहेत, त्यांचा सगळा साठा उशाशी ठेवू नका. झोपेत गोळी घेतल्याचं आठवत नाही आणि माणूस दुसरी घेतो. त्या रात्रीचीच गोळी छोट्या डबीत काढून ठेवा, बाकीच्या कपाटात, नातवंडांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. दम्याचा पंप किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी मात्र हाताशीच हवी, मूळ वेष्टनात. कानाच्या मशीनचे बटणासारखे सेल गोळ्यांपासून लांब ठेवा. ते लहान मुलाने गिळले तर जिवावर बेततं, आणि अंधारात मोठ्यांनाही ते गोळीसारखेच वाटतात. त्यांच्यावरचा चिकट कागद लावायच्या वेळीच काढा. काढला की हवा लागून सेल उतरायला लागतो.

परत मांडताना वर एक काठ असलेली स्टीलची ताटली ठेवा. चष्मा, डबी, फोन तिच्यात, म्हणजे हात फिरला तरी काही खाली जात नाही. दिवा भिंतीकडच्या बाजूला. पाणी झाकणाच्या बाटलीत, आणि ती फोनच्या विरुद्ध कोपऱ्यात. तांब्या-भांडं दिसायला छान, पण अंधारात ते लवंडतंच. चार्जरची वायर टेबलाच्या पायाला सैल बांधून ठेवली की तिचं टोक पलंगाखाली जात नाही. डासांचं मशीन उशापासून दूरच्या प्लगमध्ये. खणात कप्पे करायला विकतचं काही आणायला नको. काजूकतलीची खोकी आणि श्रीखंडाचे धुतलेले डबे बरोबर बसतात. वाचायला एकच पुस्तक. दिवाळी अंकांवरून आमची बरीच घासाघीस झाली, शेवटी दोनवर मिटली.

टेबलच नसेल, म्हणजे वन रूम किचनमध्ये असतं तसं, तर खिडकीचा कट्टा किंवा प्लॅस्टिकचं स्टूलही चालतं. फक्त त्याची उंची गादीच्या जवळपास हवी. फार खाली असेल तर झोपेत वाकताना तोल जातो.

मांडून झालं की पुन्हा दिवा मालवा आणि ज्याचं टेबल त्याला हात फिरवू द्या, तुम्ही नाही. आईने चष्मा डावीकडे हलवला, कारण ती डाव्या कुशीवर झोपते. हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी खण परत एकदा चादरीवर ओता. या वेळी पाच मिनिटं पुरतात. आमच्याकडे निघाले दोन रबरबँड, वाण्याची एक चिठ्ठी, आल्याच्या वड्यांचा चुरा आणि ती पितळी किल्ली.