ब्रिटनच्या डोंगरात रोड सायकल: चढ जमतो, उतार शिकावा लागतो

पुण्याहून किंवा मुंबईहून इकडे आलेले सायकलवाले पहिल्यांदा नकाशावर उंचीचे आकडे बघतात आणि निर्धास्त होतात. लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट खिंड जेमतेम ३९३ मीटरवर. ज्याने सिंहगडाचा घाट दर रविवारी चढला आहे त्याला यात काय विशेष, असं वाटणं साहजिक आहे. पण हार्डनॉटच्या पायथ्याशी ३० टक्क्यांच्या चढाची पाटी आहे. म्हणजे दहा मीटर पुढे जाताना तीन मीटर वर. आपला खंडाळ्याचा घाट चाकांची वाहतूक चढावी म्हणून वळसे घेत बांधला गेला. इथल्या बऱ्याच खिंडींतून शतकानुशतकं लादलेल्या घोड्यांचे तांडे जात. घोड्याला वळशाची गरज नव्हती, वाट सरळ वर गेली, आणि पुढे तिच्यावरच डांबर पडलं. त्यामुळे उंची विसरा आणि टक्केवारी बघा.

टक्केवारी बघायला ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा) नकाशा घ्या. रस्त्यावर एक बाण असेल तर चढ सातास एक ते पाचास एक (सुमारे १४ ते २० टक्के), दोन बाण असतील तर पाचास एक किंवा त्याहून खडा. बाणाचं टोक उताराकडे असतं, हे लक्षात ठेवा. फोनवरचे ॲप सरासरी दाखवतात, आणि सरासरीवर विसंबून इथे रस्ता निवडू नये. मधला सपाट तुकडा सरासरी खाली ओढतो आणि खडा तुकडा तसाच राहतो.

कुठून सुरुवात करावी

लंडनच्या आसपास राहत असाल तर सरेमधली बॉक्स हिल. २०१२च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीने तिला नऊ फेऱ्या घातल्या होत्या. झिगझॅग रोडचा चढ पाच टक्क्यांच्या आसपास, डांबर गुळगुळीत. पाय तपासायला उत्तम, पण ती केली म्हणून डोंगर समजला असं धरू नका.

पुढची पायरी पीक डिस्ट्रिक्ट किंवा यॉर्कशर डेल्स. कॅसलटनजवळची विनॅट्स ही चुनखडीच्या दोन कड्यांमधून जाणारी खिंड आहे, वरच्या टप्प्यात वीस टक्क्यांच्या पुढे. शेजारच्या मॅम टॉरचा मुख्य रस्ता दरड सरकून सरकून १९७९ साली कायमचा बंद झाला, त्यामुळे तिकडच्या मोटारीही विनॅट्समधूनच जातात. तिथे सकाळी आठच्या आत पोहोचा. डेल्समध्ये हॉज गावातून बटरटब्जवर चढा आणि पलीकडे स्वेलडेलमध्ये उतरा. २०१४ साली टूर द फ्रान्सची सुरुवात यॉर्कशरमध्ये झाली तेव्हा शर्यत याच रस्त्याने गेली होती. माझ्या मते इंग्लंडमधला सर्वांत देखणा घाटरस्ता हाच. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वर मोकळं माळरान, आणि वाऱ्याला अडवायला काहीही नाही.

स्कॉटलंडमधली बेलाख ना बा ही खिंड अगदी शेवटी ठेवा. समुद्राच्या पातळीजवळून सलग ६२६ मीटरपर्यंत चढ, एकाच मोटारीपुरता अरुंद रस्ता, आणि हवामान तासात बदलणारं. मुद्दाम चार दिवस काढून जायची जागा आहे ती.

या लेखात मात्र मी लेक डिस्ट्रिक्टमधला एक रस्ता धरून सांगतो, कारण तो नीट करता आला की बाकीचे आपोआप जमतात: रॅव्हनग्लासहून एस्कडेल, हार्डनॉट, रायनोज, लिटल लँगडेल, अँबलसाइड आणि विंडरमीअर. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास.

दिशा, दिवस, गाडी

पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. वारा बहुतेक दिवस नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा असतो, तो पाठीवर राहतो. रॅव्हनग्लासला किनाऱ्याकडची रेल्वे जाते, विंडरमीअरहून ऑक्सनहोमला परतीची गाडी मिळते. डब्यात सायकलींना जागा मोजकीच असते, म्हणून पहाटेची गाडी पकडा.

मे ते सप्टेंबर हाच काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पावसाचं म्हणाल तर या डोंगरातल्या सीथवेट गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरपुढे तो आकडा लहान वाटेल, पण तिकडचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि इकडचा बारा महिने पसरलेला असतो. म्हणून कोरड्या दिवसाची वाट बघत बसू नका. रस्ता ओला असेल असं धरूनच तयारी करा. जोराचा वारा किंवा दाट धुकं असेल तर मात्र जाऊ नका.

पाणी एस्कडेलमधल्या बूट गावात भरून घ्या. पुढे लिटल लँगडेलपर्यंत एकही दुकान नाही. खिशात चिक्की किंवा शेंगदाण्याचे लाडू असू द्या, थंडीत बोटं आखडली तरी खाता येतात.

गिअर: इथे हट्ट करू नका

क्लबमधली मंडळी सांगतात की ३४ दात पुढच्या चक्रीला, २८ मागच्या चक्रीला पुरेसे आहेत. साठ किलोच्या शर्यतवाल्याला पुरेसं असेलही. साधा हिशेब करू. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८० किलो. ३० टक्क्यांच्या चढावर गुरुत्वाकर्षण तुम्हाला सुमारे २२५ न्यूटनने मागे ओढतं. ३४ पुढे आणि ३४ मागे असेल तर पेडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी, म्हणजे २.१ मीटर. मिनिटाला ५० फेऱ्या मारायच्या तर ३९० वॉटच्या आसपास लागतात. पुढे ३० आणि मागे ३६ केलं की त्याच फेऱ्यांना ३३० वॉट. एवढ्या फरकाने माणूस सायकलवर राहतो किंवा खाली उतरतो. तेव्हा डोंगरात नेण्यासाठी मोठी कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बसवून घ्या आणि ती मागच्या डिरेलरला, म्हणजे साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेला, चालते ना, एवढं दुकानदाराला विचारा.

चढाबद्दल आणखी फारसं सांगण्यासारखं नाही. बसून चढा. ओल्या डांबरावर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पुढचं चाक उचलायला लागलं तर छाती हँडलकडे आणा आणि कोपरं वाकवा. हार्डनॉटच्या मध्यावर, जिथे डावीकडे रोमन किल्ल्याच्या भिंती दिसतात, तिथे चढ जरा मवाळ होतो. तिथे दम घ्या, कारण खरी वळणं त्याच्या वर आहेत. सम्राट हेड्रियनच्या काळातला हा किल्ला थांबून बघावा असा आहे. तिथून संपूर्ण एस्कडेल पायाखाली दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रही. खडा तुकडा चालत गेलात तरी काही बिघडत नाही. चढावर चालण्याने कोणाला इजा झालेली नाही.

उतार: सगळा जीव इथे लावा

चढाबद्दल सगळे विचारतात, उताराबद्दल कोणी विचारत नाही. मला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला तो हा भाग शिकायला. हार्डनॉटच्या पूर्वेचा उतार अरुंद आहे, डांबर खडबडीत आणि ठिगळांचं, आणि हेअरपिन वळणं इतकी खडी की आतल्या बाजूने रस्ता जवळजवळ भिंतीसारखा पडतो. सह्याद्रीच्या घाटात उतरण्याची सवय इथे पुरत नाही. तिथे सायकल सोडता येते, वळणाआधी ब्रेक मारता येतो, पुन्हा सोडता येते. २५ टक्क्यांच्या उतारावर ब्रेक सोडला की दोन-तीन सेकंदांत वेग आवाक्याबाहेर जातो.

सर्वांत वाईट सल्ला म्हणजे 'फक्त मागचा ब्रेक लाव, पुढचा लावलास तर उलटशील'. उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर आलेलं असतं. मागचं चाक हलकं झालेलं असतं, ते ब्रेकने लगेच अडकतं आणि घसरतं. गाडी थांबवण्याचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक एकत्र लावा, पुढच्यावर जास्त भर ठेवा, पण दाब हळूहळू वाढवा, एकदम आवळू नका. शरीर मागे न्या: बूड सीटच्या मागच्या कडेवर, पोट खाली, दोन्ही पेडल समपातळीत आणि वजन पायांवर.

हात खाली, हँडलच्या वाकलेल्या भागात. यात तडजोड नाही. वरून ब्रेक लावताना लिव्हरच्या वरच्या टोकावर बोट पडतं आणि तिथे जोर कमी मिळतो. खालून लिव्हरच्या टोकाशी पकड येते, तेवढ्याच ताकदीत कितीतरी जास्त ब्रेक लागतो आणि खड्ड्यात हात सुटत नाही. खाली हात नेण्याची भीती वाटत असेल तर आठवडाभर आधी घराजवळच्या एखाद्या लहान उतारावर सराव करा. बोटं लहान असतील तर लिव्हर जवळ आणायचा स्क्रू असतो, तो फिरवून घ्या.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. ८० किलो वजन ३०० मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे २३५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. वेग कमी असल्यामुळे हवा त्यातला थोडाच भाग घेते, बाकी सगळी ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारा) असेल तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमवर रिम ब्रेक लावून या रस्त्यावर येऊ नका, मग विक्रेता काहीही सांगो. अॲल्युमिनियमची रिम किंवा डिस्क ब्रेक घ्या. तरीही मध्ये थांबा. पासिंग प्लेस (समोरच्या मोटारीला वाट देण्यासाठी रुंद केलेली जागा) दिसली की बाजूला घेऊन एक-दोन मिनिटं उभे राहा. डिस्कला हात लावू नका, भाजतो.

वळणं कशी घ्यायची? वेग वळणाआधीच, सरळ रस्त्यावर, चालण्याच्या वेगापर्यंत आणा. वळणात ब्रेक हलका ठेवा, पूर्ण सोडू नका, आणि चाक झुकलेलं असताना दाब वाढवू नका. नजर चाकापुढच्या खडीवर नको, वळण जिथे सुटतं तिथे हवी. आतल्या कडेचा उतार सर्वांत खडा असतो, म्हणून मोकळा रस्ता दिसत असेल तर वळण बाहेरून घ्या. समोरून मोटार येत असेल तर तिच्या आधी थांबा. चढणाऱ्या मोटारीला त्या चढावर पुन्हा सुरू होणं कठीण जातं, तिला वाट द्या.

रिम ओली असेल तर ब्रेक लावल्यावर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत काहीच पकड लागत नाही, आधी पाणी पुसलं जातं. म्हणून ओल्यात नेहमीपेक्षा बरंच आधी हलका ब्रेक धरून रिम कोरडी करत राहा.

रस्त्यात कॅटल ग्रिड येतात, मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून आडव्या टाकलेल्या लोखंडी पाइपांची जाळी. त्यावर ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही. आधी वेग कमी करा, काटकोनात चाक घाला, बूड जरा उचला आणि सायकलला जाऊ द्या. पाऊस असेल आणि ग्रिड वळणालगत असेल तर उतरून बाजूच्या फाटकातून चालत जा. इथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात. एक मेंढी पलीकडे पळाली की तिच्या मागून कोकरू येणार, हे धरून चाला.

आणि थंडी. चढताना घाम आलेला असतो. माथ्यावर पाच मिनिटं फोटो काढले की तोच घाम बर्फासारखा लागतो आणि बोटांना लिव्हर जाणवेनासा होतो. मग ब्रेक किती लागला आहे हेच कळत नाही. त्यामुळे माथ्यावर पोहोचल्याबरोबर, फोटोच्या आधी, वाऱ्याचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे कोरडे हातमोजे घाला. कोरडे हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले असू द्या. जूनमध्येही.

रस्ता ओला असेल, वारा आडवा असेल, किंवा पहिलंच वळण घेताना पोटात गोळा आला, तर सायकल हातात धरून खाली या. फक्त चालतानाही ब्रेक धरून ठेवा, आणि बुटाखाली क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) असेल तर रस्त्याच्या कडेच्या गवतावरून चाला, डांबरावर ते घसरतात.

पुढे

हार्डनॉटच्या पूर्व पायथ्याच्या कॉक्ली बेकपासून डडन नदीच्या काठाने रस्ता सपाट होतो, मग रायनोजचा चढ. या बाजूने तो बराच सोपा आहे. माथ्यावरचा थ्री शायर स्टोन म्हणजे लँकेशर, वेस्टमरलंड आणि कंबरलंड या जुन्या परगण्यांची सीमा. पलीकडचा उतार वेगवान, सरळ आणि फसवा. वर सगळं नीट झालेलं असतं म्हणून इथे लोक ढिले पडतात, आणि खाली शेतघरापाशी रस्ता अचानक अरुंद होऊन वळतो. वर सांगितलेलं सगळं तिथेही तसंच करा.

लिटल लँगडेलपासून अँबलसाइडपर्यंत चढउतार किरकोळ, पण मोटारींची गर्दी. तिथून विंडरमीअर स्टेशनपर्यंत मुख्य रस्ता.

घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी ब्रेकचे पॅड काढून बघा. ओल्या दिवसात खडीची पूड त्यात रुतते आणि रिम कातरते. रुतलेले कण पिनेने काढा, रिम धुवा, आणि पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पुढच्या फेरीआधी नवे बसवा. डिस्क असेल तर पॅडचा थर एक मिलिमीटरच्या खाली गेलाय का ते बघा. असा एक ओला दिवस नव्या पॅडचाही बराच भाग खाऊन टाकतो, म्हणून सुट्टीवर दोन-तीन दिवस या भागात राहणार असाल तर पॅडची एक जादा जोडी सामानात घेऊनच निघा.