बटाट्यातील सूत्रकृमी : लागवडीपूर्वीपासून काढणीपर्यंतचे व्यवस्थापन

बटाट्याच्या शेतातील एखादा पट्टा ओलावा असूनही दुपारच्या उन्हात माना टाकतो, त्यातील झाडे खुजी व पिवळसर राहतात आणि नत्राचा हप्ता देऊनही त्यांत फरक पडत नाही, तेव्हा दोष बहुधा पाण्याला किंवा खताला दिला जातो. खरे कारण काढणीच्या दिवशी हाती येते. बटाट्याच्या सालीवर पुरळ उठल्यासारखे फुगवटे असतात आणि साल पातळ सोलली तर खालच्या गरात तपकिरी ठिपके दिसतात. हे काम मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचे, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींचे असते आणि त्या टप्प्यावर त्या हंगामापुरता कोणताही उपाय उरलेला नसतो. त्यामुळेच पुढील बहुतेक पायऱ्या बेणे जमिनीत पडण्यापूर्वीच्या आहेत.

आपल्याकडील बटाट्यात गाठी करणाऱ्या सूत्रकृमींपैकी मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा आणि मेलॉइडोगायनी जावानिका या जाती प्रमुख आहेत. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे असते. ते मुळाच्या कोवळ्या टोकातून आत शिरते, तिथेच ठाण मांडते आणि त्याच्या भोवतालच्या पेशी फुगून गाठ तयार होते. मादी चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि माती उबदार असेल तर साधारण २५ ते ३० दिवसांत एक पिढी पूर्ण होते. म्हणजे एका हंगामात दोन-तीन पिढ्या सहज होतात. शेवटच्या पिढ्या पोसणाऱ्या बटाट्यातही घुसतात. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत हा उपद्रव अधिक असतो, शिवाय मुळांना झालेल्या जखमांमुळे जिवाणूजन्य मर रोगालाही वाट मिळते.

पहिली पायरी तपासणीची आहे. आधीचे पीक शेतात उभे असतानाच निरोगी आणि खुरटलेल्या अशा दोन्ही भागांतील काही झाडे फावड्याने मातीसकट उचलावीत. ओढून उपटल्यास गाठी असलेली बारीक मुळे तुटून जमिनीतच राहतात. मुळे बादलीतील पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाहावीत. आधी द्विदल पीक असल्यास येथे गफलत होऊ शकते : नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात आणि आतून गुलाबी दिसतात, तर सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेले असते व ते वेगळे काढता येत नाही.

याच वेळी मातीचा नमुनाही घ्यावा. वरचा सुकलेला थर बाजूला सारून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती नागमोडी चालत एकरी १५-२० ठिकाणांहून, शक्यतो मुळांलगत, गोळा करावी, एकत्र मिसळावी आणि त्यातील अर्धा किलो माती थोड्या मुळांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी. खतांच्या तपासणीसाठी माती वाळवतात, तशी ही वाळवू नये. सूत्रकृमी जिवंत राहिले तरच त्यांची मोजणी नीट होते. पिशवी सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांत कृषी विद्यापीठाच्या सूत्रकृमी प्रयोगशाळेत पोहोचवावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या विषयावर संशोधन चालते. प्रयोगशाळा लांब असेल तर शंका असलेली माती कुंड्यांत भरून त्यात टोमॅटोची रोपे लावावीत आणि ४०-४५ दिवसांनी ती काढून मुळे पाहावीत. या पद्धतीने आकडा मिळत नाही, पण होय की नाही एवढे उत्तर बहुधा मिळते.

दुसरी पायरी आधीच्या पिकाची निवड. सर्व उपायांत मी याच पायरीला सर्वाधिक महत्त्व देतो, कारण सूत्रकृमी जमिनीतून पूर्णपणे नाहीसे करता येत नाहीत, त्यांना उपाशी ठेवून संख्या मात्र खाली आणता येते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात खरिपात टोमॅटो आणि त्याच रानात रब्बीत बटाटा अशी लागवड होते; दोन्ही पिके या किडीचे आवडते खाद्य असल्याने टोमॅटोत सुरू झालेली पैदास बटाट्यापर्यंत अखंड चालते. टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची आणि वेलवर्गीय भाज्या यांच्या पाठोपाठ बटाटा टाळावा. ज्वारी, बाजरी, तीळ, भुईमूग यांसारख्या पिकांवर या दोन जातींची वाढ तुलनेने कमी होते. झेंडूची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात. मात्र बांधावर किंवा दर दहा ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावून साऱ्या शेताला फायदा होईल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण परिणाम प्रामुख्याने मुळे पोहोचतात तेवढ्याच मातीत होतो. रब्बी बटाट्याच्या रानात खरिपात दाट झेंडू घेऊन दसरा-दिवाळीला फुले विकली आणि नंतर झाडे मातीत गाडली, तर फेरपालट आणि उत्पन्न दोन्ही साधते. मधल्या काळात कामोणी, घोळ, काटेमाठ ही तणे आणि शेतात राहिलेल्या बटाट्यांतून आपोआप उगवलेली झाडे काढावीत; तण उभे राहिले की फेरपालट केवळ कागदावर राहते.

तिसरी पायरी उन्हाळी नांगरटीची. एप्रिल-मे महिन्यांत १०-१५ दिवसांच्या अंतराने दोन-तीन खोल नांगरटी कराव्यात, म्हणजे अंडी व पिल्ले वर येऊन उन्हाने सुकतात. आधीच्या पिकाची गाठी असलेली मुळे व धसकटे मात्र त्याआधी वेचून जाळावीत. हलके पाणी देऊन पारदर्शक पातळ प्लॅस्टिकने जमीन चार ते सहा आठवडे झाकण्याचा उपायही प्रभावी आहे. खर्च पाहता तो संपूर्ण शेताऐवजी रोपवाटिकेसाठी किंवा बाधित पट्ट्यासाठीच परवडतो.

चौथी पायरी बेण्याची. सूत्रकृमी स्वतः होऊन एका हंगामात जेमतेम मीटरभर सरकतो. गावोगाव त्याला पोहोचवतात ती बेणे, माती आणि वाहते पाणी. मंचरच्या बाजारात येणारे पंजाबचे बेणे असो वा घरच्या आरणीतले, म्हणजे शेतावर रचून साठवलेले, काही गोण्यांतून मूठभर बटाटे काढून धुवावेत, सालीवर फुगवटे आहेत का ते पाहावे आणि थोडे सोलून तपासावेत. खरबरीत बेणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. प्रमाणित बेण्याच्या गोणीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवावी.

बेण्याबाबत एवढी काटेकोरता पाळण्यास आणखी एक कारण आहे. बटाट्याचा पुटीकारक सूत्रकृमी, म्हणजे ग्लोबोडेरा, भारतात १९६१ मध्ये निलगिरीत प्रथम आढळला. त्याच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटीत, म्हणजे मेलेल्या मादीच्या टणक कवचात, शेकडो अंडी असतात आणि ती पिकाविना अनेक वर्षे जिवंत राहतात. हा सूत्रकृमी हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडातही आढळल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने तेथून बेणे बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. कुफ्री स्वर्णा आणि कुफ्री सह्याद्री हे वाण त्याला प्रतिकारक आहेत. परंतु हा प्रतिकार गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्ध आहे असे समजू नये.

लागवडीच्या वेळी एकरी सुमारे २०० ते २५० किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम, ज्याला पूर्वी पॅसिलोमायसिस म्हणत, ही सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढणारी बुरशी तसेच ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून, सावलीत ओल राखून, दोन आठवडे अधूनमधून वरखाली करून मग सरीत द्यावी. पाकिटावरील मुदत पाहावी आणि बेणेप्रक्रियेतील रासायनिक बुरशीनाशकाशी ती एकत्र करू नये, अन्यथा उपयोगी बुरशीही मरेल. रासायनिक सूत्रकृमीनाशक वापरायचेच असेल तर लेबलवर बटाट्याचे नाव, मात्रा आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ छापलेला आहे याची खात्री करावी. फोरेट या दाणेदार औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा कोणी देऊ केला तरी नाकारावा. रब्बीत थंडी स्थिरावल्यावर केलेली लागवड गरम मातीतल्या घाईच्या लागवडीपेक्षा चांगली, कारण माती थंड असेल तर पिढीचा काळ लांबतो.

भाड्याचा ट्रॅक्टर किंवा रोटाव्हेटर बाधित रानातून आला असेल तर शेतात शिरण्यापूर्वी त्याची चिकटलेली माती खरवडून धुवावी. स्वतःच्या शेतातही बाधित पट्ट्याची मशागत सर्वांत शेवटी करावी.

पाला कापल्यावर साल पक्की होताच काढणी करावी. पीक गरम मातीत रेंगाळले तर फुगवटे वाढतात. पुरळलेले बटाटे वेगळे काढावेत. ते उकिरड्यावर टाकू नयेत, कारण खतावाटे ते पुन्हा रानात येतात. जनावरांना द्यायचे तर उकडून द्यावेत. कोणत्या सरीत असे बटाटे निघाले त्याचा साधा नकाशा वहीत काढावा, म्हणजे पुढच्या वर्षी मातीचा नमुना नेमका कोठून घ्यायचा हे ठरलेले असेल.